पुन्हा धंदा की परत नोकरी, आणि मधले ते छत्तीस लाख

पत्र लांबलचक आहे, थोडक्यात सांगते. लिहिणाऱ्याचं वय ४३. मूळ गाव माण तालुक्यातलं, वडील मस्जिद बंदरला माथाडी कामगार, घरची दीड एकर कोरडवाहू. आयटीआय टर्नर करून २००१ ला भोसरीत आले, आधी हेल्पर, मग ऑपरेटर, मग सेटर. २०१२ मध्ये भाड्याच्या गाळ्यात एक जुनं लेथ टाकलं. २०१९ पर्यंत तीन सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी मशीन, आणि चौदा माणसं. कोविड कसाबसा काढला. २०२२ ला एक मोठी पार्टी मिळाली, तिच्यासाठी लोन काढून आणखी दोन मशीन घेतल्या आणि वर्षभरात ऐंशी टक्के काम त्या एकाच पार्टीचं झालं. २०२३ च्या मध्यापासून पेमेंट लांबायला लागलं, कधी रिजेक्शन दाखवून डेबिट नोट, म्हणजे बिलातून कपात, कधी "वरून सही व्हायचीय". ३६ लाख अडकले. २०२४ मध्ये गाळा बंद, मशीन बँकेने विकल्या. आज देणं असं: बँकेचे २२ लाख, मटेरियलवाल्यांचे ९, महिन्याला शेकडा पाच दराने घेतलेले खाजगी ४, आणि कामगारांचे दोन महिन्यांचे पगार साधारण ३.

जुने मालक ४५ हजारांवर प्रॉडक्शन इनचार्ज म्हणून बोलावतायत. एक मित्र म्हणतो दहा लाख आण, भागीदारीत परत उभं राहू. बायको बारा तोळे द्यायला तयार आहे, वडील जमीन विकायला तयार आहेत. आणि प्रश्न असा की "ज्या शॉपमध्ये हेल्पर होतो तिथेच परत जायचं म्हणजे बावीस वर्षं पाण्यात गेली का? मोठे झालेले सगळे तर म्हणतात जो थांबला तो संपला."

दादा, आधी तुमच्या पत्रातल्या एका ओळीबद्दल बोलते. "एलआयसीची पॉलिसी आहे, घरच्यांना तेवढं तरी मिळेल" असं लिहून पुढच्याच वाक्यात तुम्ही घाईघाईने मशीनच्या हप्त्यांवर गेलात. मला ती ओळ दिसली. हा विचार कितव्यांदा आला वगैरे मी विचारत नाही, पण तो येतोय एवढं आजच बायकोला नाहीतर एखाद्या जवळच्या मित्राला तोंडाने सांगा, आणि रात्री फारच जड गेलं तर १४४१६ लावा, टेलिमानस, सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास चालू असतं आणि मराठीत बोलता येतं. कर्जाचं काय करायचं त्याला खूप वाटा आहेत, खाली लिहितेच, आणि त्यातल्या बहुतेक वाटांना तुमची सही लागते.

आता मुद्द्यावर. तुम्ही पत्रभर "मी धंद्यात फेल गेलो" असं लिहिलंय, मी मोजायला लागले आणि सोडून दिलं. मला ते पटलेलं नाही. तुमचाच हिशेब शेजारी शेजारी ठेवून बघा, देणं ३८ लाख आणि येणं ३६ लाख. म्हणजे माल बनला, गेला, लागला, समोरच्याने तो वापरून स्वतःचं बिल फाडलं, फक्त तुमच्यापर्यंत पैसे आले नाहीत. काम येत नव्हतं किंवा क्वालिटी खराब होती म्हणून बंद पडलेला गाळा वेगळा आणि हा वेगळा, दोघांचे उपाय पण वेगळे. मी बरीच वर्षं छोट्या कारखान्यांची हिशेबाची कामं केली, तिथे मशीनवर बाप असलेली माणसं वसुलीला मात्र लाजतात हे इतक्यांदा पाहिलंय की आता नवल वाटत नाही. पार्टी मोठी आहे, नाराज झाली तर काम काढून घेईल, म्हणून फोन करायचा तर तोही "साहेब जमलं तर बघा" असा.

आणि यात एक गोष्ट बाहेरच्यांना कळत नाही म्हणून इथे लिहून ठेवते. बिल फाडलं की त्यावरचा जीएसटी पार्टीने पैसे दिले असोत नसोत, आपल्याला भरावाच लागतो. मटेरियलवाला महिन्याने पैसे मागतो, पगार सात तारखेला, हप्ता पाचला. बिल बुडालं तरी भरलेला जीएसटी सरकार परत देत नाही. म्हणजे मोठ्या पार्टीला चार महिने उधारी देणारा छोटा गाळेवाला खरं तर तिची बिनव्याजी बँक असतो, आणि ते भांडवल तो शेकडा पाचने आणत असतो. तुम्ही नेमकं हेच केलंत. खाजगी चार लाख पगारासाठी घेतले असं लिहिलंय ना, ते पगारासाठी नव्हते हो, त्या पार्टीसाठी होते.

म्हणून नोकरी की धंदा हा तुमचा प्रश्न मी आधी बाजूला ठेवते आणि त्या ३६ लाखांबद्दल विचारते, कारण त्यावर तुमच्या सात पानांत दोनच ओळी आहेत. "ते गेले असं समजलोय." का समजलात? बँकेने लोनच्या वेळी उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, काढायला लावलं होतं असं तुम्हीच लिहिलंय, म्हणजे ते या बिलांच्या आधीचं आहे, आणि ही फार कामाची गोष्ट आहे. २००६ चा एमएसएमई कायदा सांगतो की सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे ठरलेल्या मुदतीत, आणि काहीही ठरलेलं असलं तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे. नाही दिले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, तेही दर महिन्याला चक्रवाढ, व्याज लागतं. यासाठी फॅसिलिटेशन कौन्सिल असते, अर्ज सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर घरबसल्या करता येतो, आणि नसेल जमत तर जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन विचारा. कौन्सिल आधी समेटाचा प्रयत्न करते, नाही झाला तर लवादासारखा निवाडा देते. निवाडा तुमच्या बाजूने लागला आणि पार्टीला तो कोर्टात आव्हान द्यायचा असेल तर ७५ टक्के रक्कम आधी जमा करावी लागते, ही अट मोठ्या पार्ट्यांना खरी टोचते.

उगाच आशा लावत नाही. कागदावर ९० दिवस लिहिलेत, प्रत्यक्षात जास्त लागतात, आणि त्यांच्या डेबिट नोटांवर भांडण होणारच. म्हणून आत्ताच माल पाठवल्याची सगळी चलनं, बिलं, पीओ म्हणजे त्यांच्या लेखी ऑर्डरी, व्हॉट्सॲपवरचे "माल मिळाला" वाले मेसेज आणि रिजेक्शन म्हणतात तो माल परत आला होता का त्याचा पुरावा, हे एका फाइलला लावा. माल परत आलाच नसेल तर रिजेक्शन कसलं? शिवाय येणं वसूल करायची मुदत साधारण तीन वर्षांची असते, तुमची जुनी बिलं २०२३ ची आहेत, म्हणजे काहींचा वेळ संपत आला असेल किंवा संपलाही असेल, त्यामुळे दिवाळीनंतर बघू, मुलाची परीक्षा झाली की बघू हे यात चालणार नाही. मध्ये त्यांनी काही रक्कम दिली असेल किंवा मेलवर बाकी कबूल केली असेल तर मुदतीचा हिशेब बदलू शकतो, तो मेल शोधा आणि याच आठवड्यात वकिलाला दाखवा.

अजून एक दट्ट्या आहे. २०२३-२४ पासून इन्कम टॅक्सला ४३बी (एच) हे कलम आलंय, त्यात सूक्ष्म आणि लघु उत्पादकाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी दाखवता येत नाही, प्रत्यक्ष देईल त्या वर्षीच मिळतो. तुमची अडकलेली बिलं बरोबर त्याच वर्षातली. त्यांच्या अकाउंट्सवाल्याला हे माहीत असतं, परचेसवाल्याला नसतं, त्यामुळे पत्र दोघांना पाठवा. (या नियमानंतर काही पार्ट्यांनी छोट्या सप्लायरना "उद्यम रद्द करून या" असं सांगितल्याचंही ऐकलंय. हे वाचणाऱ्या कुणाला असं सांगितलं गेलं तर कृपा करून रद्द करू नका.)

आता ते "जो थांबला तो संपला". तुम्ही रात्री व्हिडिओ बघता असं लिहिलंय, आणि त्यातली उदाहरणं पण दिलीत, किर्लोस्कर आणि कल्पना सरोज. चला, तीच घेऊ.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचं काय सांगतात, की सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली आणि साम्राज्य उभं केलं. पण ते दुकान १८८८ मध्ये बेळगावला निघालं तेव्हा लक्ष्मणराव मुंबईत व्हीजेटीआयमध्ये पगारी शिक्षक होते आणि बेळगावचं दुकान भाऊ रामुअण्णा बघायचे. नोकरी होती म्हणून धंदा दम धरू शकला. पुढे बढती डावलली म्हणून नोकरी सोडली, आधी कडबा कापायची यंत्रं काढली, मग लोखंडी नांगर, आणि नांगर कोणी घेईना, कारण लोखंडाने जमिनीत विष पसरेल असा शेतकऱ्यांचा समज. मग बेळगावच्या नगरपालिकेने जागाच खाली करायला लावली. तिथे पाठीशी कोण उभं राहिलं तर औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी, त्यांनी कुंडलजवळचं माळरान दिलं आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. म्हणजे माणूस कर्तबगार होता यात वादच नाही, पण त्याच्या पडत्या काळात घाई न करणारं भांडवल आणि जागा देणारा एक राजा होता. तुमच्याकडे शेकडा पाचवाला आहे. दोघांच्या धाडसाला एकच मोजमाप लावणं मला योग्य वाटत नाही.

कल्पना सरोज यांचंही तसंच. अकोला जिल्ह्यातलं खेडं, बाराव्या वर्षी लग्न, मुंबईत शिवणकाम आणि मग कमानी ट्यूब्स, २०१३ ला पद्मश्री, रीलमध्ये एवढं येतं. मधला भाग येत नाही, तो हा की कंपनी डोक्यापर्यंत कर्जात होती आणि आधी बँकांसमोर बसून दंड आणि व्याज सोडवून घ्यावं लागलं, कामगारांची थकलेली देणी द्यावी लागली, कोर्टकज्जे निस्तरावे लागले. तो भाग कंटाळवाणा आहे म्हणून कापतात. तुम्ही सध्या आयुष्याच्या त्याच कापलेल्या भागात आहात आणि त्याला तुम्ही शेवट समजताय.

सोनं आणि जमीन. इथे मी स्पष्टच बोलते, दोन्हीला हात लावू नका. बायकोचं सोनं स्त्रीधन आहे, कायद्याने तिचंच, तुमच्या कर्जाशी त्याचा संबंध नाही, मात्र तिने लोनला जामीनदार म्हणून सही केलीय का ते कागद काढून बघा, कारण बऱ्याच घरांत "इथे सही कर" म्हणून सही झालेली असते आणि तिलाच माहीत नसतं. आणि "ती तयार आहे" हे तुम्ही लिहिलंत, पण तिने स्वतःहून म्हटलं की चार रात्री तुमचा चेहरा बघून म्हटलं? दोन्हींत फरक आहे. जमिनीचं म्हणाल तर ती वडिलोपार्जित असेल तर बहिणींचाही वाटा आहे, त्यांना न विचारता वडिलांनी विकली तर उद्या कर्ज फिटेल आणि राखी बंद होईल. शिवाय दीड एकर कोरडवाहूला तिकडे असे किती येणार? बँकेचं निम्मं भागेल, आणि वडिलांचं म्हातारपण तुमच्या त्या पार्टीच्या खात्यात जमा होईल.

देणेकऱ्यांची रांग लावायची तर माझ्या मते पहिले कामगार. तीन लाख सगळ्यात लहान आकडा आहे आणि सगळ्यात जास्त तोच लोकांच्या पोटावर बसलाय. तुम्ही त्यांचे फोन उचलत नाही असं लिहिलंय, ते आधी बंद करा, पाच-पाच हजार का होईना पण तारीख सांगून द्या. मटेरियलवाल्यांना घरी जाऊन भेटा, फोनवर नको. ते धंदेवाले आहेत, त्यांचेही पैसे कुठेतरी असेच अडकलेले असतात, कौन्सिलचा अर्ज केल्याची पावती दाखवलीत तर दोन वर्षांचे हप्ते बांधून देणारे निघतात.

शेकडा पाचवाला हा वेगळा प्राणी. महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्याने सावकारीला परवाना लागतो, याच्याकडे तो आहे का हे सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे कळतं आणि नसेल तर तक्रारही तिथेच होते. त्याच्याकडे तुमचे सही केलेले कोरे चेक आहेत ही मात्र गंभीर गोष्ट. तो चेक टाकून बाउन्स करून १३८ ची नोटीस पाठवू शकतो, आणि नोटीस आली की पैसे द्यायला १५ दिवस असतात. तेव्हा पाकीट घ्यायचं नाही, पोस्टमनला परत पाठवायचं असलं काही करू नका, वकिलाकडून उत्तर द्या. आतापर्यंत त्याला व्याजाचं किती गेलं हे गुगलपेवरून काढून ठेवा. मुद्दलाएवढं कधीच गेलं असेल.

बँकेबद्दल मित्राने सांगितलेलं चुकीचं आहे. लोन क्रेडिट गॅरंटीवालं असलं तरी "सरकार भरतं, आपण सुटलो" असं नसतं, ती गॅरंटी बँकेसाठी असते, तुमचं देणं तसंच राहतं. तेव्हा लपू नका, लेखी अर्ज करून खात्याचा उतारा मागा आणि मशीन किती किमतीला गेल्या, ती रक्कम खात्यात धरली का, बाकीवर दंडव्याज किती लावलंय ते बघा. मग एकरकमी तडजोडीचं बोला. तडजोडीने सिबिलवर "सेटल्ड" असा शेरा बरीच वर्षं राहतो, नवीन लोन अवघड जातं, पण तसंही पुढची काही वर्षं तुम्हाला नवीन लोन घ्यायचं नाहीच आहे. लेखी पत्र हातात आल्याशिवाय एक रुपया "आधी भरा मग बघू" म्हणून भरायचा नाही, आणि शेवटी नो ड्यूज घ्यायचंच. जाता जाता, जीएसटी नंबर चालूच ठेवला असेल तर तोही बघा, रिटर्न न भरल्याची लेट फी गाळा बंद असला तरी लागत राहते, रद्द केलात तर तीन महिन्यांत फायनल रिटर्न भरायचं असतं, ते पुष्कळ जण विसरतात.

मग ती नोकरी घ्या की. ४५ हजारांसाठी तर घ्याच, पण तुम्ही तिथे परत हेल्पर म्हणून चाललेला नाही आहात हेही बघा, त्या मालकांना पाच मशीन आणि चौदा माणसं चालवलेला माणूस हवाय, तो बाजारात सहज मिळत नाही म्हणूनच त्यांनी फोन केला. त्यांना सगळं खरं सांगून जा, देणं किती, तारखा कधी. पगाराचं खातं मात्र लोनवाल्या बँकेत नको, दुसऱ्या बँकेत उघडा, नाहीतर पगार जमा झाल्या झाल्या वळता होईल. पगार जप्त होईल ही तुमची भीती अर्धीच खरी आहे, त्याला कोर्टाचा हुकूम लागतो आणि तेव्हाही पहिले हजार आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश हात न लावता तुमच्याकडे राहतात.

गावाला दोन वर्षं गेला नाहीत, यात्रेला सुद्धा नाही. गावातल्यांना काय वाटेल याचं माझ्याकडे औषध नाही, काही जण बोलतीलच, ज्यांना तुम्ही गाडी घेतली तेव्हा झोप लागली नव्हती ते आता जरा बरे झोपत असतील. पण ज्या वडिलांनी आयुष्यभर पाठीवर पोती वाहिली त्यांना मुलगा पगारावर काम करतो याची लाज वाटेल असं तुम्ही कशावरून धरलंत? विचारलंत त्यांना? मला तर वाटतं जमीन विकायची तयारी त्यांनी दाखवली ती तुम्ही येत नाही म्हणून.

भागीदारीला सध्या नाही म्हणा. मित्र वाईट आहे म्हणून नव्हे. भागीदारी फर्ममध्ये देणं अमर्याद असतं, तुमची जुनी देणी उघडी असताना तुम्ही आत शिरलात तर त्याच्याही लोनला अडचण येईल, आणि दहा लाख तर तुमचे नसतीलच, ते बारा तोळ्यांचे असतील. त्याला हवं तर रविवारी सेटिंगला, कोटेशन काढायला मदत करा, तासाचे पैसे घ्या, सही कुठेही नको. दोन-तीन वर्षांनी देणी मिटली, कौन्सिलचं काही हाती आलं आणि तरी हात शिवशिवत असतील तर पुन्हा टाका लेथ, मी अडवणार नाही. तेव्हा एकाच पार्टीचं काम तिसऱ्या हिश्श्याच्या वर जाऊ द्यायचं नाही, आणि कुणाची किती उधारी झाली की चलन थांबवायचं तो आकडा पहिल्या दिवशीच भिंतीवर लिहायचा. मोठ्या कंपन्यांची बिलं ट्रेड्स नावाच्या ऑनलाइन व्यवस्थेवर टाकून लवकर पैसे उचलता येतात, अडीचशे कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना तिथे नोंदणी सक्तीची केलीय, तेव्हा ऑर्डर घेतानाच विचारायचं की तुम्ही तिथे बिल स्वीकारता का. उत्तर देताना समोरचा किती गोलगोल बोलतो त्यावरूनही बरंच कळतं.

तुमचा शेवटचा प्रश्न मुलाच्या डिप्लोमाचा, मेकॅनिकलला घालू की या लाइनमध्येच नको. त्याला विचारा, मेकॅनिकल आवडत असेल तर घाला. फक्त या सुट्टीत ती फाइल लावताना त्याला शेजारी बसवा आणि बिलाची तारीख, पैसे आल्याची तारीख आणि मधले दिवस, एवढे तीन रकाने त्याच्याकडून एक्सेलमध्ये भरून घ्या. कौन्सिलच्या अर्जाला तो तक्ता लागणारच आहे.